बागेतलं कलम, कायद्यातलं कलम

लोधीखेड्याच्या संत्र्याला गाव विचारलं तर ते नागपूर सांगतं. पांढुर्णा-सौसरच्या बागांमधलं फळ ट्रकमध्ये चढलं की दूरच्या मंडईत नागपुरी संत्रं म्हणूनच उतरतं, आणि त्यात आमच्याकडे कुणाला काही वावगं वाटत नाही. १९५६ च्या आधी नागपूर आणि छिंदवाडा एकाच राज्यात होते आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होती. राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौसरचा हा मराठी बोलणारा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. झाडांना त्याची कल्पना नव्हती. जात तीच, बहार तेच, तोडणीची घाई तीच. पुढे २०१४ मध्ये नागपूर संत्र्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि नावाची मालकी हा कागदावरचा विषय झाला. छिंदवाड्याने ‘सातपुडा ऑरेंज’ असं आपलं वेगळं नाव पुढे केलं, पण सवयीच्या जिभेला अजून नागपूरच सोपं जातं.

इथं नाव जरा पुढेमागे असलं तरी माल खरा आहे. मोबाइलवरच्या बाजारात याच्या उलट्या सगळ्या जाती पाहायला मिळतात. नाव खरं आणि माल खोटा, फोटो खरा आणि आकार खोटा, किंमत खरी आणि सूट खोटी. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या निघालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातलं लोधीखेडा हे नगर परिषदेचं छोटं गाव. मोठ्या खरेदीला सौसर, त्याहून मोठ्या खरेदीला सावनेरवरून नागपूर, असा आमचा पिढीजात क्रम होता. आता सीताबर्डी-इतवारीचं अर्धं काम फोन करतो. तिथं फसलं तर दाद कुठं मागायची, याचं उत्तर गेल्या काही वर्षांत बरंच बदललं आहे. कुठं चांगलं बदललं आणि कुठं नुसतं कागदावर, ते नीट पाहण्यासारखं आहे.

आमच्याकडे कलम म्हटलं की आधी संत्र्याचं रोप डोळ्यांसमोर येतं. जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा खुंट, त्यावर चांगल्या झाडाचा डोळा भरायचा. पुढची वीसेक वर्षं खुंट पाणी ओढतो आणि डोळा फळ देतो. फळ आंबट निघालं तर दोष डोळ्याचा की खुंटाचा, यावर बागवान तासन्‌तास बोलू शकतात. ऑनलाइन बाजारही असंच कलम आहे. खुंट कंपनीचा, डोळा कुठल्यातरी विक्रेत्याचा. ॲप, गोदाम, जाहिरात, पैसे घेणं, पार्सल पोचवणं हे सगळं एकाचं, आणि विकणारा म्हणून बिलावर नाव दुसऱ्याचंच. या खरेदी-विक्रीतल्या निम्म्या भांडणांचं मूळ या जोडात आहे.

माझ्या वहिनीने मागे फोनवरून पाटा-वरवंटा मागवला. फोटोत काळाभोर पाटा, त्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा, मागे चुलीचा धूर. पार्सल देणाऱ्या पोराने ते तीन बोटांत धरून आणलं, तेव्हाच मला शंका आली. पाटा तळहाताएवढा होता. “फोटोत तं चांगला मोठा दिसत होता जी!” वहिनी म्हणाली. मी फोन घेऊन पाहिलं तर पाचव्या-सहाव्या ओळीत इंग्रजीत, सेंटिमीटरमध्ये माप दिलेलं होतं आणि तळाशी लिहिलं होतं की वस्तू सजावटीसाठी आहे. वापस करायला गेलो तर या वस्तूला परतीची सोय नाही असं उत्तर. म्हणजे कुणी खोटं बोललं नव्हतं. फक्त खरं अशा ठिकाणी ठेवलं होतं की जिथं वहिनीची नजर जाणार नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(२८) मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, आणि ती अशा चलाखीचा विचार करून केलेली आहे. वस्तूचं खोटं वर्णन हा तिचा पहिलाच भाग झाला. खोटी हमी देणं, वस्तूचं स्वरूप, प्रमाण किंवा दर्जा याबद्दल गैरसमज होण्याची शक्यता निर्माण करणं, आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हेही तिच्यात आहे. ‘शक्यता’ हा शब्द मोलाचा. ग्राहक खरोखर फसला हे दर वेळी सिद्ध करत बसायला नको, फसण्याजोगं होतं एवढं पुरतं. जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तर याहून नेमकं कलम आहे. वर्णन आणि चित्रं वस्तूच्या प्रत्यक्ष रूपाशी, दर्जाशी आणि उपयोगाशी जुळतात असं हमीपत्र कंपनीने प्रत्येक विक्रेत्याकडून घ्यायचं असतं. जाहिरातीत दाखवलं तसं सामान नसेल तर विक्रेत्याला ते परत घ्यायला नकार देता येत नाही. म्हणजे ‘परतीची सोय नाही’ ही पाटी नियमापुढे टिकणारी नव्हती. हे मला कळलं तेव्हा पाटा फडताळात जाऊन बसला होता.

भाषेचा मुद्दा थोडा वेगळा. ९ जून २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात म्हटलं आहे की दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत खुलासा हवा, आणि अक्षरंही त्याच वळणाची हवीत. आमच्यासारख्या गावांना हे फार लागू पडतं. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, खोक्यावर इंग्रजी. ॲपचं मुखपृष्ठ मराठीत सजवायचं आणि अटी इंग्रजीत टाकायच्या, हा तर रोजचा प्रकार. पण फोटोची भाषा कोणती? धूर, ठेचा, चूल ही तर आमचीच भाषा. तिच्यातला दावा खोडायचा असेल तर खुलासाही चित्रातच हवा, पाट्याशेजारी निदान एक लिंबू तरी ठेवावं. तत्त्वं लिहिणाऱ्यांनी इतका विचार केलेला दिसत नाही.

या सगळ्याच्या मागे एक जुना रस्ता आहे. जादूटोण्याची औषधं आणि ‘हमखास’ उपचारांच्या जाहिरातींवर १९५४ पासूनच कायदा आहे, आणि तरी वर्तमानपत्रांचे मागचे कोपरे भरलेले राहिले. १९६९ चा मक्तेदारी कायदा मुळात मोठ्या उद्योगांसाठी होता. १९८४ मध्ये त्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे प्रकरण आलं आणि जाहिरातीतल्या खोटेपणाला पहिल्यांदा धड चौकट मिळाली. याच चौकटीतला १९८९ चा नोव्हिनो बॅटरीचा निकाल अजून वाचण्यासारखा आहे. बडोद्याच्या लखनपाल नॅशनल या कंपनीने जाहिरातीत ‘नॅशनल पॅनासॉनिक’च्या सहकार्याने असं म्हटलं होतं. प्रत्यक्षात करार मात्सुशिता इलेक्ट्रिक या जपानी कंपनीशी, नॅशनल आणि पॅनासॉनिक ही तिचीच नावं. मक्तेदारी आयोगाने ही दिशाभूल मानली, सर्वोच्च न्यायालयाने मानली नाही. शब्द तंतोतंत खरा आहे की नाही यापेक्षा त्यातून घेणाऱ्याची फसगत होते का ते पाहा, असा त्याचा सारांश. हीच फूटपट्टी वहिनीच्या पाट्याला लावली तर निकाल उलटा लागेल. तिथं शब्द खरे होते, फसगतही खरी होती.

त्याच काळात महाराष्ट्रात कायद्याची वाट न पाहता एक वेगळी गोष्ट उभी राहिली होती. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. मुंबईच्या पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचं सामान एकत्र, थेट विकत घेण्याची पद्धत बसवली. म्हणजे दुकानदाराशिवायचा बाजार आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच होऊन गेला, फक्त त्यात माल तपासणारी माणसं घेणाऱ्यांपैकीच होती. आजच्या ॲपने दुकानदाराबरोबर त्यांनाही काढून टाकलं.

१९८६ चा ग्राहक कायदा आला आणि जिल्ह्याजिल्ह्यात मंच झाले. गरिबाला वकिलाशिवाय उभं राहता येईल असं न्यायालय ही मोठीच गोष्ट होती. पण सीमेवरच्या माणसाला त्यात एक बारीक काटा टोचायचा. तक्रार करायची ती समोरच्याचं दुकान, शाखा किंवा धंदा जिथं असेल तिथं, नाहीतर जिथं वादाचं कारण घडलं तिथं. इतवारीतून आणलेलं मिक्सर बंद पडलं तर नागपूरचा मंच, म्हणजे दुसरं राज्य, एसटीचं तिकीट आणि बुडालेली मजुरी. ऑनलाइन खरेदी सुरू झाल्यावर तर वादाचं कारण नेमकं कुठं घडलं, बंगळुरूच्या सर्व्हरवर की लोधीखेड्याच्या ओसरीवर, यावरच तारखा पडू लागल्या.

२० जुलै २०२० ला नवा कायदा लागू झाला आणि त्याने हा काटा काढला. कलम ३४ प्रमाणे आता तक्रारदार जिथं राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकतो. या भागासाठी ते काम छिंदवाड्यातून चालत आलं आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार घरून नोंदवता येते, आधी ई-दाखिल होतं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आहे. दूरचित्र सुनावणीची सोयही कायद्यातच आहे. माझ्या मते २०१९ च्या कायद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, दंड नव्हे आणि प्राधिकरणही नव्हे. दंड दिल्लीत होतो, अधिकारक्षेत्र गावात येतं.

त्याआधीची पायरी म्हणजे १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. तिथं १७ भाषांत बोलता येतं आणि त्यांत मराठी आहे. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती कंपनीकडे तक्रार पोचवते आणि मिटवायचा प्रयत्न करते. चारपाचशेच्या वस्तूसाठी बहुतेकांना एवढंच पुरतं. मात्र १९१५ आणि १९३० यांत लोक गल्लत करतात. फेसबुकवर ‘४९९ ला कुकर’ अशी जाहिरात दिसली, दाबलं, पैसे गेले आणि ती वेबसाइट दुसऱ्या दिवशी गायब, हे ग्राहक तक्रारीचं प्रकरण नाही, सायबर चोरी आहे. तिथं १९३० लावायचा आणि तोही तासाभरात, पैसे दुसऱ्या खात्यातून तिसऱ्यात जायच्या आत.

आता खुंट आणि डोळा.

ही जोडाजोड आपोआप झालेली नाही. परदेशी भांडवलाच्या धोरणाने ती घडवली. परदेशी पैसा घेतलेल्या कंपनीला ऑनलाइन बाजार भरवता येतो, पण स्वतःचा माल किरकोळ ग्राहकाला थेट विकता येत नाही. २०१६ च्या आणि २०१८ च्या सरकारी टिपणांनी हे पक्कं केलं. हेतू छोट्या दुकानदाराला वाचवण्याचा होता. परिणाम असा झाला की देशातल्या मोठमोठ्या दुकानांना कायद्यानेच सांगितलं, तुम्ही दुकान नाही, तुम्ही फक्त मंडप आहात. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ ने मंडपवाल्याला आत काय चालतं त्याची जबाबदारी नाही असं कवचही दिलं, अट एवढीच की त्याने स्वतः त्यात हात घालू नये. हात घातला म्हणजे किती, हा पुढच्या सगळ्या खटल्यांचा विषय. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका महागड्या फ्रेंच चपलांच्या प्रकरणात, ख्रिश्चन लुबुटँच्या, गोदाम, पॅकिंग, जाहिरात, सूट अशा कामांची यादी करून विचारलं होतं की एवढं सगळं करणारा तिऱ्हाईत कसा. नंतरच्या निकालांनी ती यादी थोडी सैल केली. प्रश्न अजून जिवंत आहे.

प्राधिकरणाने या प्रश्नाला हात घातला तो कुकरच्या निमित्ताने. घरगुती प्रेशर कुकरवर मानक चिन्ह सक्तीचं केल्यानंतरही चिन्ह नसलेले कुकर ऑनलाइन विकले जात होते. कुकर म्हणजे स्वयंपाकघरातला बॉम्ब होऊ शकतो, त्यामुळे हे नुसतं कागदाचं प्रकरण नव्हतं. ऑगस्ट २०२२ मध्ये ॲमेझॉनला एक लाख रुपये दंड झाला. असे २,२६५ कुकर त्यांच्या मंचावरून विकले गेले होते आणि त्यावर कंपनीने ६,१४,८२५ रुपये कमिशन मिळवलं होतं. फ्लिपकार्टचे ५९८ कुकर, कमिशन १,८४,२६३ रुपये, दंड तोच एक लाख. आम्ही फक्त मंडप, हा बचाव प्राधिकरणाने मानला नाही. प्रत्येक विक्रीतून पैसे मिळतात तर विक्रीपासून अंग कसं झटकता, असा त्यांचा सूर. ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे परत द्या असंही आदेशात होतं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं.

तत्त्व म्हणून हा आदेश फार पुढचा. आकडे मात्र शेजारी ठेवून पाहावेत. कमिशन सहा लाख, दंड एक लाख. आमच्या बाजारात काट्याखाली चुंबक लावणाऱ्याला असा दंड केला तर तो हसतहसत भरेल आणि दुसऱ्या दिवशी नवा चुंबक आणेल. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कायद्यात दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ती फार क्वचित पुरी वापरली जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये रॅपिडोला पूर्ण दहा लाख झाले. ‘पाच मिनिटांत ऑटो, नाहीतर पन्नास रुपये’ अशी ती जाहिरात होती. ती कंपनी आमच्या गावात नसल्याने आम्हाला ना ऑटो मिळाला ना पन्नास रुपये.

इतर कारवायांची जंत्री मोठी आहे, त्यातल्या दोनच सांगतो. २०२३ मध्ये पाच मंचांवरून गाडीच्या सीट बेल्टचा इशारा बंद करणाऱ्या क्लिपा काढायला लावल्या, अशा १३,११८ नोंदी निघाल्या. जीव वाचवणारी शिट्टी गप्प करण्याचं यंत्र उघड विकलं जात होतं, कधी बाटली उघडायचं साधन म्हणून तर कधी लायटर म्हणून. जानेवारी २०२४ मध्ये, अयोध्येत प्राणप्रतिष्ठा व्हायच्या आधीच, ‘श्री राम मंदिर अयोध्या प्रसाद’ या नावाने मिठाई विकली जात असल्याबद्दल ॲमेझॉनला नोटीस गेली आणि त्या नोंदी उतरवल्या गेल्या. देवाचा प्रसाद ही इतकी साधी गोष्ट आहे की तिचं खोटेपण लगेच कळतं. पैठणीचं तसं नाही. पैठणीला २०१० पासून भौगोलिक निर्देशांक आहे, पण ऑनलाइन ‘पैठणी’ म्हणून शोधलं की यंत्रमागावरच्या, मोर छापलेल्या साड्या पानंच्या पानं येतात. त्यांतल्या कित्येकांच्या वर्णनात ‘सेमी’, ‘स्टाइल’ असा शब्द कुठंतरी लपलेला असतो. लग्नाच्या घरात तो शब्द कोण शोधतो?

चुकीचा माल विकणाऱ्या विक्रेत्याचं पुढे काय होतं, याचं उत्तर २०२० च्या नियमांत आहे आणि ते वाचून मी दोनदा चष्मा पुसला. ज्यांचा माल व्यापारचिन्ह, कॉपीराइट किंवा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली पुन्हापुन्हा हटवला गेला अशा विक्रेत्यांची नोंद कंपनीने ठेवायची. पण त्यांना बाहेर काढायची सक्ती नाही, काढलं तर स्वखुशीने. म्हणजे चोराची वही लिहायची आणि वही कपाटात ठेवायची. गावच्या आठवडी बाजारात एकदा भेसळीचं तिखट विकलेल्या माणसाला पुढच्या आठवड्यात जागा मिळत नाही. ते काम नगर परिषद करत नाही, शेजारचे दुकानदारच करतात. मंचावर तोच माणूस नवं नाव घेऊन, नवे पाच तारे लावून दुपारपर्यंत परत बसलेला असतो.

ताऱ्यांबद्दल थोडक्यात. विक्रेत्याने ग्राहक बनून स्वतःच्या मालाची वाहवा लिहू नये असं नियम सांगतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानकही आणलं, पण ते ऐच्छिक आहे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये खोट्या अभिप्रायांवर थेट बंदीचा नियम केला. आपण अजून सज्जनपणावर विसंबून आहोत.

सुटीचा खेळ याहून जुना आणि याहून पक्का आहे. पुडीवर छापलेली कमाल किंमत ही मुळात ग्राहकाच्या संरक्षणासाठी आली, तिच्यावर विकू नये म्हणून. ती किती छापावी यावर बहुतेक वस्तूंना वरची मर्यादा नाही. मग चारशेच्या चादरीवर दोन हजार छापायचे आणि ‘८० टक्के सूट’ लिहायची. कायदा मोडला? पुडीच्या नियमांप्रमाणे नाही. २०१८ पासून ऑनलाइन पानावरही कमाल किंमत दाखवणं बंधनकारक झालं, त्यामुळे ही रेघोटी मारलेली खोटी किंमत आता सरकारी नियमानेच तिथं असते. युरोपने यावर साधा उपाय काढला. मे २०२२ पासून तिथं सूट जाहीर करताना मागच्या तीस दिवसांतली सगळ्यात कमी किंमत दाखवावी लागते. सणाआधी भाव चढवून सणाला उतरवण्याची सोयच संपली. आपल्याकडे दिवाळीच्या सेलला हा एकच नियम लावला तर निम्मे आकडे गळून पडतील.

किंमत शेवटच्या पानावर वाढवण्याच्या प्रकाराला मात्र आपल्याकडे आता नाव आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’चे तेरा प्रकार जाहीर केले. खोटी घाई, टोपलीत न मागितलेलं सामान टाकणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, सुरुवातीला थोडी किंमत दाखवून थेंबथेंब वाढवणं, जाहिरात बातमीच्या वेषात आणणं वगैरे. पुण्याच्या फर्स्टक्रायला याच थेंबांसाठी दोन लाखांचा दंड झाला. सर्व करांसह किंमत असं दाखवून शेवटी जीएसटी वेगळा लावला जायचा, त्यामुळे २७ टक्क्यांची सूट प्रत्यक्षात १८.२ टक्केच पडायची. हिशेब कुणीही करून पाहावा. शंभराचे त्र्याहत्तर झाले, त्यावर बारा टक्के चढवले, की पावणेब्याऐंशीच्या वर जातं. तान्ह्या मुलांचे कपडे घेणाऱ्या आईबापांच्या बाबतीत हे व्हावं याचा मला जरा जास्तच राग आला, ते जाऊ दे.

आमच्यासारख्या गावांत अजून बरीच खरेदी माल हातात आल्यावर पैसे द्यायच्या बोलीवर होते. लोकांचा कार्डावर विश्वास नाही म्हणून नव्हे, विक्रेत्यावर नाही म्हणून. त्या अविश्वासावरही आता शुल्क बसलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी अशा जादा आकारणीची चौकशी सुरू असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी जूनमध्ये कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःच स्वतःची तपासणी करायला सांगितलं होतं, आणि नोव्हेंबरपर्यंत २६ मोठ्या मंचांनी आमच्याकडे डार्क पॅटर्न नाहीत असं लिहून दिलं. परीक्षेला बसलेल्या पोरानेच पेपर तपासला तर शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो.

या सगळ्यात शेतकरी कुठं बसतो हे क्वचितच कुणी विचारतं, आणि लोधीखेड्यात तोच मुख्य ग्राहक आहे. कायद्याने धंद्यासाठी घेणारा ग्राहक नाही, पण स्वतःच्या पोटासाठी राबणारा ग्राहक आहे. २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच असल्याचं स्पष्ट केलं. बियाणं उगवलं नाही तर आठ-दहा दिवसांत कळतं, पंचनामा होतो. फवारणीच्या औषधांना नोव्हेंबर २०२२ पासून ऑनलाइन विकायची परवानगी आहे, विक्रेत्याचा परवाना तपासायचं काम कंपनीवर टाकून. कपाशीवर मारायची ‘टॉनिकं’, म्हणजे जैव-उत्तेजकं, फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली, तोवर ती कुणाच्याच खात्यात नव्हती. या सगळ्यांत निदान एका हंगामात निकाल लागतो.

संत्र्याच्या कलमाचा लागत नाही. पूर्वी कलमं आणायला माणसं वरुडकडे, शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत जायची. रोपवाटिकावाल्याचा बाप आपल्या बापाला ओळखायचा, झाड चुकलं तर पाच वर्षांनी त्याच्या ओट्यावर जाऊन भांडता यायचं. आता फोनवर कुंडीतलं, केशरी फळांनी लगडलेलं संत्र्याचं झाड दिसतं, खाली लिहिलेलं असतं ‘एका वर्षात फळ’, शेजारी साडेचार तारे. तारे देणाऱ्यांनी पार्सल उघडल्याबरोबर ते दिलेले असतात. पानं हिरवी, माती ओली, पाच तारे. खुंट कोणता, डोळा कोणत्या झाडाचा, हे सांगणारी ओळ नसते. ही माहिती दडवणं कलम २(२८) च्या शेवटच्या भागात अगदी फिट्ट बसतं, आणि तरी तिचा उपयोग होणं कठीण आहे. कारण कलम ६९. तक्रार वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, आणि फसवणूक कळली त्या दिवसापासून मोजा असा युक्तिवादही करता येतो. पण संत्र्याला बहार धरायला चौथं-पाचवं वर्ष उजाडतं. तोवर विक्रेत्याचं नाव बदललेलं, फोटो उतरवलेला, फोनही बदललेला. म्हणून मी ओळखीच्या बागवानांना सांगतो, कलम लावायच्या आधी जाहिरातीच्या पानाचा तारीख दिसेल असा फोटो काढा, बिलाची छपाई घ्या, आणि खरेदीनंतर लेखी मागून विक्रेत्याचा पूर्ण पत्ता घ्या, तो देणं कंपनीला बंधनकारक आहे. ते हसतात. पिकाच्या कामात असं कुणी करत नाही.

मालवाल्यांनी स्वतःची वाट काढायला सुरुवात केली आहे. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळागणिक वेगळा क्रमांक असलेलं, काढलं की फाटणारं स्टिकर आणलं, कारण कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातो हे त्यांना कायद्यापेक्षा लवकर कळलं होतं. सातपुडा ऑरेंजच्या पेट्यांवरही क्यूआर छापण्याची टूम निघाली होती. फळ स्वतःचं गाव सांगू लागलं तर नागपूरचं नाव कुणाला उसनं घ्यावं लागणार नाही, आणि दिल्लीच्या घेणाऱ्याला पहिल्यांदा लोधीखेडा कुठं आहे ते शोधावं लागेल.

शेजारच्या वाडीतल्या एका बागवानाने तीन वर्षांपूर्वी फोनवरून पंचवीस कलमं मागवली होती. आली ती बरी आली, दोन वाटेत मेली, तेवीस लागली. परवा गेलो तर झाडं छातीएवढी झाली होती, पानं दाट, काटे जरा जास्त. काटे जास्त म्हणजे डोळा मेला आणि खुंटच वर आला की काय, अशी शंका त्याला येते. मी एक पान चुरगाळून वास घेतला. लिंबाचाही वाटला, संत्र्याचाही. पावती कुठं आहे विचारलं तर म्हणाला, फोनात होती, फोन विहिरीत पडला.